वाळलेल्या मशीनची ऊब

गेली काही वर्षं दिवाळीला आमच्याकडे पुण्या-मुंबईहून जो कुणी पाहुणा येतो, तो मोबाईलवर एक फोटो दाखवतोच. लाकडी पेटीतला, चंदेरी तोंडाचा, १९७५-८०च्या सुमाराचा ॲम्प्लिफायर, शेजारी टर्नटेबल, खाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या एलपी. किंमत सांगताना त्याचा आवाज खाली येतो आणि यंत्राची तारीफ करताना वर जातो. ‘डिजिटलमध्ये ती ऊबच नाही रे!’ हे वाक्य ठरलेलं.

मी चंद्रपूरचा. ऊब आमच्याकडे मुबलक आहे. मे महिन्यात पारा ४६-४७वर गेला तरी इथं कुणाला नवल वाटत नाही. म्हणून या ‘जुनं ते सोनं’वाल्या मंडळींशी मला एकदा नीट भांडायचं आहे. माझं म्हणणं असं: चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्या माणसानं गाणी ऐकण्यासाठी जुना ॲम्प्लिफायर, जुने स्पीकर किंवा जुना टर्नटेबल विकत घेऊ नये. नवं घ्यावं. एकच जुनं यंत्र असं आहे, की ते मिळेल तिथून मिळवावं, दुरुस्त करावं आणि जपावं. ते कोणतं हे पुढं येईलच. खरं भांडण त्याच्यासाठीच आहे.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. मीही एक जुना जपानी ॲम्प्लिफायर घेतला होता. हिवाळाभर तो गोड वाजला. एप्रिलच्या शेवटी डावीकडून घरघर सुरू झाली, मेमध्ये ती बाजूच बंद पडली. गावातल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं, बोटभर धूळ फुंकली, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, “बिघडला नाही जी भाऊ, वाळला.”

यापेक्षा नेमकं निदान मी कुठल्याही ऑडिओच्या मासिकात वाचलेलं नाही. अशा ॲम्प्लिफायरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्या आत एक ओला द्राव असतो आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू वाळत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. २५ अंशांच्या खोलीऐवजी ४० अंशांच्या खोलीत तोच ॲम्प्लिफायर वाजवला, तर त्याचे कपॅसिटर जवळजवळ तिप्पट वेगानं म्हातारे होतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढलेला कपॅसिटर इथं आणला, की त्याला थेट नवतपात उभं केल्यासारखं होतं.

आता त्या ‘उबे’कडे या. काही जुनी यंत्रं खरोखरच सुरेख आहेत, ते मी नाकारत नाही. पण पुष्कळदा आपण ज्याला ऊब म्हणतो, ते निव्वळ वय असतं. वाळलेले कपॅसिटर, झिजलेली सुई, थकलेला ट्वीटर यांनी वरच्या पट्टीतले स्वर मऊ होतात. सतारीच्या तरफा अंधुक होतात आणि आपण म्हणतो, काय गोलाई आहे! मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी चंद्र पाहावा आणि त्याच्या भोवतीच्या खळ्याचं श्रेय चंद्राला द्यावं, तसला हा प्रकार.

उन्हाळा संपला की पाऊस. जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवती पुष्कळदा फोमची कड असते. दमट हवेत ती विरते आणि बोट लावलं की भुगा होतो. टर्नटेबलचा रबरी पट्टा सैल पडतो, मग यमन कधी काळी दोनचा तर कधी त्याहून खालचा. तबकडीवर आणि तिच्या कव्हरवर बुरशी चढते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तिथं राहणाऱ्या शिक्षकानं सुई बदलायला नागपूर गाठायचं की काय? शिवाय भारतीय घरांत मिळणारे जुने सूटकेसवाले रेकॉर्ड प्लेअर बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिजचे. ते तबकडीवर चार-पाच ग्रॅमचा भार टाकतात. आजच्या चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपासचा भार पुरतो. म्हणजे ज्या एलपीवर आपलं एवढं प्रेम, तीच आपण हौसेनं खरवडत असतो.

आणि कूलर? ऑडिओच्या सगळ्या वादात विदर्भातल्या कूलरचं नाव कुणी घेत नाही. इथं मार्चअखेरपासून जूनपर्यंत खिडकीत तो लोखंडी राक्षस घुमत असतो. त्याचा आवाज सहज साठ डेसिबलच्या घरात जातो. सीडीचा शांततेपासून कल्लोळापर्यंतचा आवाका ९६ डेसिबलचा, चांगल्या एलपीचा साठ-सत्तरचा. या आकड्यांवरून लोक रात्र रात्र भांडतात. कूलर सुरू असलेल्या खोलीत तानपुऱ्याची आस ऐकूच येत नाही, मग ती एलपीवरून आली काय आणि फाईलमधून आली काय. ज्याला मे महिन्यात खरंच ऐकायचं आहे, त्यानं आधी कूलरच्या मोटारीखाली रबर घालावं, पंप बदलावा, कूलरची पत्र्याची खडखड थांबवावी. आणि यंत्रं त्याच्या ओल्या झोतातून बाजूला सरकवावीत. हजार-दोन हजारांत होणारा हा सुधार कुठल्याही सोनेरी तारेनं होणार नाही.

जुन्याचा अभिमान धरायचाच असेल, तर त्याला इथं एक खरंखुरं कारण आहे. ७८च्या वेगानं फिरणाऱ्या तबकड्या लाखेच्या असत. लाख म्हणजे आपल्या पळसावर, कुसुमावर, बोरीवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. मध्य आणि पूर्व भारताच्या जंगलपट्ट्यात ती खरवडून गोळा व्हायची, तिचा चपडा व्हायचा आणि तो जगभर जायचा. ग्रामोफोन कंपनीनं १९०८ साली कोलकात्यात कारखाना काढला, त्याच्यामागं हाही कच्चा माल होता. दुसऱ्या महायुद्धात लाखेची इतकी टंचाई झाली, की १९४२ साली अमेरिकेनं तबकड्यांसाठीच्या लाखेत ७० टक्के कपात केली. पुढं १९४८ साली विनाइलची एलपी आली आणि त्या धंद्यानं लाखेकडं पाठ फिरवली. लाख गोळा करणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही, की तुला जुन्याबद्दल काही हळहळ वाटते का. तेव्हा यंत्रांच्या जुनेपणाबद्दल गळा काढायचा हक्क जर कुणाला असेलच, तर तो दिवाणखान्यातल्या संग्राहकाला नक्कीच नाही.

मग नवं घ्या म्हणजे काय घ्या? इथं मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचं आहे. टीव्हीखालचा साउंडबार आणि हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर ही नव्याची भलामण नव्हे. त्यांची बॅटरी बहुधा आत डकवलेली, पेटी चिकटवलेली आणि ताप लिथियम बॅटरीलाही सोसत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत वस्तू कचऱ्यात. आमचे काका त्यांच्याकडं बघून हात जोडतात, “याले कुठून उघडू, तुम्हीच सांगा न जी.” जुन्या यंत्रांच्या बाजूनं सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे: ती उघडतात. त्यात स्क्रू असतात, सुटे ट्रान्झिस्टर असतात, कधी आतल्या बाजूला सर्किटचा नकाशाही डकवलेला असतो. हा मुद्दा मला मान्य आहे. पण तो ‘उघडता येणाऱ्या’चा मुद्दा आहे, ‘जुन्या’चा नाही.

आणि नवं उघडता येणारं मिळतं. साधे, तारेनं जोडायचे दोन स्पीकर घ्या. कड रबराची असलेले. बजेटचा मोठा भाग त्यांच्यावरच घाला, कारण आवाज खऱ्या अर्थानं बदलतो तो स्पीकर आणि खोली यांच्यामुळं. त्यांच्यासोबत एक छोटा क्लास डी ॲम्प्लिफायर. तो घेतलेल्या विजेचा फार थोडा भाग उष्णतेत घालवतो. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर म्हणजे चंद्रपूरच्या मेमध्ये शेगडी मांडणं. त्याचा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टचा असेल, तर संध्याकाळी दिवे मंदावले तरी तो कुरकुरत नाही. वीज कडाडली की प्लग मात्र काढायचा. तिसरी वस्तू फाईलचा आवाज करणारी डॅकची डबी. तिघांतलं जे बिघडेल, तेवढंच बदलायचं. फोटोत हे काही देखणं दिसत नाही. पण डोळे मिटून ऐका.

आता ते एक जुनं यंत्र. कॅसेट डेक.

एलपीवर जे आहे, ते बहुतेक कुठं ना कुठं दुसरीकडंही आहे. कॅसेटवर जे आहे, ते पुष्कळदा जगात फक्त तिथंच आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचा हंगाम लागतो आणि शिमग्यापर्यंत रात्र रात्र नाटकं होतात. वडसा-देसाईगंज हे त्या कंपन्यांचं माहेर. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईला ही रंगभूमी आठवली. पण ऐंशी-नव्वदच्या दशकांत मांडवात बसून कुणी टू-इन-वनचं लाल बटण दाबलं होतं, कुणी दंडार भरून ठेवली होती, कुणी रेला, कुणी लग्नातली गाणी. त्या कॅसेटी आज गोदरेजच्या कपाटावर, बिस्किटांच्या डब्यात आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातल्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज वाचता-ऐकता येतात. आपल्या डब्यातल्या कॅसेटींकडं असं कुणी येणार नाही.

आणि नेमकं इथं नवं यंत्र कामाचं नाही. आज मिळणाऱ्या बहुतेक नव्या कॅसेट प्लेअरमध्ये एकाच स्वस्त यंत्रणेची नक्कल असते. फीत डगमगत चालते आणि लांबवलेला स्वर थरथरतो. पस्तीस वर्षांपूर्वीचा मध्यम दर्जाचा डेक, नवा पट्टा घालून आणि हेड स्पिरिटनं पुसून, याहून कितीतरी सरळ चालतो. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवत फिरवत शब्द जिथं सर्वांत लख्ख ऐकू येईल तिथं थांबायचं. मग लॅपटॉपवर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झनं भरून घ्यायचं. तासाभराला साधारण एक जीबी लागतो. एका गावाचा सगळा डबा एका पेनड्राइव्हवर मावेल. प्रत मात्र दोन ठिकाणी ठेवायची.

माझा तो वाळलेला ॲम्प्लिफायर मी काकांकडंच सोडला. त्याच्या बदल्यात त्यांनी एक जुना डेक चालू करून दिला. चाचणीला मी घरातलीच एक कॅसेट नेली होती. आजीच्या ओव्या, १९८८ साली बाबांनी भरलेल्या. मधे जात्याची घरघर, लांबवर कोंबडा, आणि एका ओवीनंतर बाबांचा आवाज, “आई, पुन्हा म्हण न एकदा.” तेव्हाचे बाबा आजच्या माझ्याहून लहान होते. आता दोघंही नाहीत. काकांनी सोल्डरिंग बाजूला ठेवलं आणि फीत संपेपर्यंत तसेच बसून राहिले.

कॅसेटीची दुसरी बाजू बुरशीनं गेली होती. तिच्यावर काय होतं, ते आता कळायचं नाही. काका सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या हाताखाली कुणी शिकायला नाही. तेव्हा ज्यांच्याकडं व्हिंटेजसाठी बाजूला काढलेले पैसे आहेत, त्यांनी ते अशा एखाद्या काकांच्या दुकानात एका डेकवर घालावेत आणि मृग लागायच्या आत घरातला डबा खाली काढावा.