निष्ठावंत ग्राहक आणि अडकलेला ग्राहक

१८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपल कंपनीचे भारतातील पहिले स्वतःचे दुकान उघडले. कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी जातीने दार उघडले. बाहेर तिष्ठणाऱ्या रांगेतील एका ग्राहकाने तर याच कंपनीचा काही दशकांपूर्वीचा संगणक कौतुकाने बरोबर आणला होता. एका व्यापारी चिन्हावरील ही श्रद्धा पाहून विचारी माणसांनी नाके मुरडली असतील, तर त्यात नवल नाही. तथापि नाके मुरडण्यापूर्वी त्यांनी बंदर ओलांडून मांडव्याला उतरावे आणि अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या बाजारपेठांतून एक फेरी मारावी. तेथे रांगा नाहीत की जयघोष नाही. पण एकाच कंपनीचा तिसरा वा चौथा स्मार्टफोन घेणारी घरे तेथेही आहेत. त्यांच्या निष्ठेची कारणे वांद्र्याच्या रांगेहून वेगळी आहेत आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक विचारार्ह आहेत.

पाठ्यपुस्तकातला ग्राहक प्रत्येक खरेदीच्या वेळी बाजारातील सर्व मालाची किंमत व गुण तोलून पाहतो. असा ग्राहक रायगडच्या किनाऱ्यावर कोणी पाहिलेला नाही. येथील पुष्कळ घरांत पहिला स्मार्टफोन दुकानातून आलाच नाही. तो माणसांबरोबर आला. म्हसळा-श्रीवर्धनकडील कोणी आखातातून सुट्टीवर येताना आणला, तर कोणी मुंबईतल्या धाकट्या भावाने नवा घेतला म्हणून जुना गावी धाडला. मग तो थोरल्याकडून आईकडे गेला. आईच्या बोटांना त्या पडद्यावरची वाट ठाऊक झाली. काही अडले की ती कुर्ल्याच्या भाच्याला विचारते आणि भाचा दूर बसून ‘वरच्या कोपऱ्यातले चाक दाब’ असे सांगू शकतो, कारण त्याच्या हाती त्याच कंपनीचा फोन असतो. कंपनी बदलली की हा घरगुती शिक्षक निकामी होतो. वस्तू वापरण्याचे ज्ञान हीसुद्धा एक भांडवली गुंतवणूक आहे, आणि ती एका कुटुंबात एकदाच केली जाते.

दुसरे कारण दुरुस्तीचे. खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे पत्रा टिकत नाही, तेथे फोनच्या नाजूक खाचेची काय कथा! तालुक्याच्या गावी टेबल मांडून बसलेला कारागीर खपाऊ कंपन्यांचेच पडदे आणि बॅटऱ्या बाळगतो. बाकीच्यांचे सुटे भाग मुंबईहून मागवावे लागतात किंवा फोन घेऊन स्वतः पनवेल गाठावे लागते. म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एस. टी.चे भाडे दुरुस्तीच्या खर्चात धरावयास हवे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ज्याच्या घरी दर्याचे उत्पन्न येत नाही, त्याने अपरिचित कंपनीचा फोन घेऊन प्रयोग करावा, ही अपेक्षा प्रयोगाचे नुकसान सोसू शकणाऱ्याने करणे सोपे आहे. अल्प उत्पन्नाच्या माणसाला चुकीची खरेदी श्रीमंतापेक्षा महाग पडते. त्याची निष्ठा हा त्याचा विमा आहे. व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, ती वांद्र्याच्या रांगेला कदाचित लागू पडेल. मुरुडच्या कोळीवाड्याला ती पुरती लागू पडत नाही. (पुरती नाही एवढेच, लग्नसराईत मिरविलेला फोन तिकडेही दिसतोच.)

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात व संपर्काविना राहिली. त्या दिवसांत फोनच्या पाठीवरील चिन्हाला काहीच अर्थ उरला नव्हता. जनित्र चालू असलेल्या घरी जाऊन फोन भारित करावयाचा, तर आपल्या फोनला बसणारी दोरी त्या घरी असली पाहिजे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून सर्व नव्या फोनांना एकाच प्रकारची खाच सक्तीची केली. तिचे महत्त्व ब्रुसेल्सच्या अधिकाऱ्यांइतकेच दिवेआगरच्या रहिवाशालाही समजेल.

अशी व्यवहारी निष्ठा आंधळी नसते, याचा पुरावा नोकियाच्या इतिहासात आहे. २००३ साली आलेला तिचा ११०० क्रमांकाचा फोन, त्यातील विजेरी आणि धूळ न शिरणारी कळपट्टी यांमुळे, खेडोपाडी घरचाच झाला. या कंपनीचा तामिळनाडूतील श्रीपेरंबुदूर येथील कारखाना २००६ साली सुरू झाला आणि २०१४ साली बंद पडला. तोपर्यंत लोक स्मार्टफोनकडे वळले होते. कारण संपले तशी निष्ठाही संपली आणि ग्राहक शांतपणे दुसऱ्या दुकानात गेले. त्यांना जाता आले, हा येथे लक्षात घेण्याचा मुद्दा आहे.

आज तितक्या सहजपणे जाता येते काय? फोनात आता केवळ दूरध्वनी क्रमांक नसतात. वारलेल्या वडिलांची छायाचित्रे, मुलाच्या शाळेचे निरोप, विकत घेतलेली साधने, वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार, हे सारे एका कंपनीच्या व्यवस्थेत रुजलेले असते. व्हॉट्सॲपवरील जुने निरोप आयफोनमधून अँड्रॉइड फोनात नेण्याची अधिकृत सोय २०२१ साली सुरू झाली, उलट दिशेची २०२२ साली. तोवर कंपनी बदलणे म्हणजे आठवणींवर पाणी सोडणे होते. अमेरिकेत एपिक विरुद्ध ॲपल या खटल्यात २०२१ साली जी अंतर्गत पत्रे उघड झाली, त्यांत ॲपलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१३ सालीच लिहून ठेवलेले आढळले की, आपली निरोपसेवा अँड्रॉइडवर उपलब्ध केल्यास आयफोन वापरणाऱ्या कुटुंबांना मुलांसाठी अँड्रॉइड फोन घेण्यातली अडचण दूर होईल. मुक्कामी राहिलेला प्रत्येक पाहुणा यजमानाच्या प्रेमाने राहिला आहे असे नाही. काहींच्या चपला लपविलेल्या असतात!

आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात निर्गमन, तक्रार आणि निष्ठा यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविला. ग्राहक निघून जाऊ शकतो, ही शक्यता जिवंत असते तोवरच त्याच्या तक्रारीला वजन असते. जो जाऊच शकत नाही, त्याच्या गाऱ्हाण्याकडे लक्ष देण्याचे कारण विक्रेत्याला उरत नाही. दूरध्वनी सेवेच्या बाबतीत हा धडा देशाने गिरविला आहे. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली आणि केवळ क्रमांकापायी थांबलेला ग्राहक मोकळा झाला. जे त्यानंतरही थांबले, त्यांच्या निष्ठेला अर्थ होता.

याच जिल्ह्यात निष्ठेचा एक जुना आणि निकोप नमुना आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या माळा रस्त्याकडेला थांबून विकत घेणारे मुंबईकर त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. त्यांची निष्ठा दर मोसमात जिभेवर तपासली जाते. एखाद्या वर्षी कांदा तिखट निघाला तर पुढची माळ दुसऱ्या शेतकऱ्याकडून घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. शेतकऱ्याला आपला ग्राहक दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो. फोनच्या कारखानदाराला मात्र तो एकदाच मिळवून पुरतो, ही विषमता बाजाराने आपोआप दूर होणारी नाही.

ग्राहकाने कंपनी बदलत राहावे, असा उपदेश करण्याचा अधिकार शासनाला नाही आणि त्याची गरजही नाही. वाट मोकळी ठेवणे मात्र शासनाचे काम आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. त्यावर माहिती आहे, सक्ती नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून फोन कितपत दुरुस्त करता येतो याचे दहापैकी गुण विक्रीच्या वेळी दाखवावे लागू लागले. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, विशिष्ट फोनची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले आहे. तेथे असलेल्या कंपन्याच येथेही माल विकतात, तेव्हा त्यांना ते जमणार नाही ही सबब चालू नये. हे सुटे भाग केवळ अधिकृत केंद्रांना मिळून भागणार नाही. तालुक्याच्या गावी टेबल मांडून बसलेल्या कारागिराला ते रास्त भावात मिळाले पाहिजेत. त्याच्या खणात आणखी दोन-चार कंपन्यांचे पडदे आले, की मुरुडच्या ग्राहकाला पुढचा फोन घेताना प्रथमच खरीखुरी निवड करता येईल. त्याने तरीही जुनीच कंपनी पसंत केली, तर ती त्याची खुशी.