ओळीने लावलेल्या फिल्म

खाटेवर काढलेला छातीचा एक्स-रे कमअस्सल असतो, हे आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच: एक फिल्म फसवील, पण रोज सकाळच्या फिल्म ओळीने लावल्या की रुग्ण कुठे चालला आहे ते कळतंच; म्हणून व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येकाचा रोज एक्स-रे निघाला पाहिजे. सवयीला तर्काचा अंगरखा चढवण्याचा हा प्रकार ऐकून मला संताप येतो, कारण त्या ओळीकडे बघून औषधं बदलली जातात.

तुलना करायची तर दोन्ही फिल्म सारख्याच स्थितीत काढलेल्या हव्यात. एक्स-रे विभागात रुग्ण उभा असतो, छाती प्लेटला टेकलेली, श्वास भरून रोखलेला, किरणांचं अंतर सुमारे १८० सेंटिमीटर. आयसीयूत प्लेट पाठीखाली सरकवतात, किरण समोरून येतात, अंतर १०० सेंटिमीटरच्या आसपास. हृदय मोठं दिसणारच. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कुणी बोलत नाही. काल रुग्ण सपाट निजला होता, आज नर्सने खाटेचा माथा उचललाय. छातीत पाणी असेल तर काल ते पाठीमागे पसरलं आणि अख्खी बाजू धुरकट दिसली. आज ते तळाशी उतरलं आणि वरचा भाग स्वच्छ झाला. पाणी थेंबभरही कमी झालेलं नाही. काल पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो तो दाब) ५ होता, रात्री १२ केला. फुप्फुस फुगलं, फिल्मवरचा पांढरा पॅच फिकट झाला, आणि राउंडला 'सुधारणा' अशी नोंद पडली. उलटही होतं. पीप उतरवला, फिल्म पांढरी पडली, आणि ताप नाही, कफ नाही, तरी अँटिबायोटिक चढलं. अंग जरा एका कुशीला वळलेलं असलं तरी एक बाजू काळी, दुसरी पांढरी दिसते. अशा पाच फिल्म ओळीने लावल्या तर चुका पाच होतात.

डिजिटल प्लेट आल्यावर हा वाद मिटला, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. मी तेव्हाही विरोध केला होता. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राचा उजेड आपोआप जुळवून घेतं. त्यामुळे एक्स्पोजर कमी पडलं की जास्त, हे फिल्मच्या काळेपणावरून ओळखण्याची सोयही गेली.

सपाट निजलेल्या रुग्णाच्या न्यूमोथोरॅक्समधली (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली) हवा पुढच्या बाजूला जमते आणि फिल्मवर सहज निसटते. म्हणजे रोज एक्स-रे काढूनही ती सुटू शकते. 'रोज काढला नाही तर काहीतरी सुटेल' या भीतीला २००९ मध्ये उत्तर मिळालं आहे. फ्रान्समधल्या २१ आयसीयूंत रोजचे आणि गरजेपुरते एक्स-रे अशी तुलना झाली. गरजेपुरते काढले तेव्हा त्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. मृत्यू वाढले नाहीत, व्हेंटिलेटरचे दिवसही नाहीत. आग्रह धरणाऱ्यांनी निदान बिल भरणाऱ्या नातेवाइकांकडे तरी पाहावं.

मग काय करावं? श्वासनळीत ट्यूब, सेंट्रल लाइन किंवा नाकातून पोटात नळी घातली की एक्स-रे काढावाच; नळीचं टोक कुठे आहे हे तो नीट सांगतो. पाणी आणि न्यूमोथोरॅक्ससाठी खाटेपाशीच सोनोग्राफी करावी. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे आपल्याकडे त्या यंत्राची नोंदणी लागते; कटकट खरी आहे, पण ती करता येते. आणि प्रत्येक फिल्मवर खाटेचा कोन, पीप आणि वेळ लिहिलेली असावी. ही नोंद नसेल, तर त्या फिल्मच्या शेजारी कालची फिल्म लावू नये.