सोबत आणि राखण

गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांत एक नवे पद अवतरले आहे. कुठे त्याला 'विद्यार्थी मार्गदर्शक' म्हणतात, कुठे 'मित्र-समुपदेशक', तर कुठे सरळ 'वेलनेस लीडर'. नाव काहीही असो, काम एकच. आपल्या मजल्यावरच्या वीस-पंचवीस मुलांच्या मनाची खबर ठेवायची, कोण गप्प झाला आहे, कोण जेवायला येत नाही, यावर लक्ष ठेवायचे. त्यासाठी दोन दिवसांचे शिबिर होते, बिल्ला मिळतो, उद्घाटनाचे छायाचित्र 'नॅक'च्या फाइलीत जाते. आणि मग एके रात्री वीस वर्षांचा तो मुलगा दुसऱ्याच्या जगण्यामरण्याच्या प्रश्नासमोर एकटाच उभा राहतो. या व्यवस्थेविषयी आमची तक्रार आहे. ती त्या मुलांविषयी नाही. त्यांच्या खांद्यावर हा भार ठेवून निर्धास्त झोपी जाणाऱ्या आपणा सर्वांविषयी आहे.

प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. २४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर राष्ट्रीय कृती दल नेमले. २५ जुलै २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावेत, असे त्यात म्हटले आहे. येथे 'पात्र' हा शब्द महत्त्वाचा आहे. न्यायालयाने जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. ती तृतीय वर्ष कला शाखेतल्या एखाद्या हुशार, मनमिळाऊ मुलावर टाकलेली नाही.

आम्ही हे रत्नागिरीतून लिहीत आहोत, यालाही अर्थ आहे. या गावात १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. सबंध दक्षिण महाराष्ट्रात कोणी जरा विचित्र वागले की 'याला रत्नागिरीला पाठवा' असे हसत म्हटले जाते. आमच्या वसतिगृहांत मंडणगड, लांजा, राजापूरहून आलेली मुले हा विनोद लहानपणापासून ऐकत आलेली असतात. ती रत्नागिरीत राहतात, पण 'त्या' रत्नागिरीला जायला मात्र घाबरतात. मनाचे तज्ज्ञ ज्या गावात जवळपास दीड शतक बसलेले आहेत, त्याच गावात एखादा मुलगा झोप लागत नाही म्हणून फक्त खोलीतल्या मित्राला उठवतो. अशा वेळी त्या मित्राला बिल्ला देणे सोपे असते. गावाची भीती घालवणे अवघड असते. आपण सोपे काम निवडले.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे. मुलगा आपले दुःख प्राध्यापकाला सांगत नाही, रेक्टरला तर नाहीच. तो ते मित्रालाच सांगतो. समुपदेशक सकाळी अकरा ते पाच भेटेल, पण दुःख रात्री दोनला येते. कोकणात असे तज्ज्ञ मिळतात तरी किती? मग विद्यार्थ्यांचीच मदत घेतली तर बिघडले कुठे?

या आक्षेपाचे उत्तर आमच्या भाषेतच आहे. कोकणात घरात बाईमाणूस एकटे असले की शेजारचे पोर रात्री 'सोबतीला' झोपायला जाते. ते पोर चोराला अडवील अशी कोणाचीही अपेक्षा नसते. त्याने असायचे असते, इतकेच. आणि काही वावगे दिसलेच तर ओरडून मोठ्यांना उठवायचे असते. सोबत वेगळी आणि राखण वेगळी. राखणदार मोठा असतो, त्याला त्याचा मोबदला असतो, आणि चोरी झाली तर जाब त्याला विचारतात. आजच्या योजनांनी सोबतीला आलेल्या पोराच्या हाती राखणदाराची काठी दिली आणि राखणदाराची जागा रिकामीच ठेवली. विद्यार्थ्यांची मदत घेण्याला आमचा विरोध नाही. या अदलाबदलीला आहे.

अशी अदलाबदल काय करते ते आमच्यापैकी एकाने पाहिले आहे. एका वसतिगृहात असा नेमलेला एक विद्यार्थी सहामाही परीक्षेच्या काळात सलग नऊ रात्री आपल्या मित्राच्या उशाशी बसून होता. शिबिरात त्याला 'गुप्तता पाळा' एवढे शिकवले होते. गुप्तता केव्हा मोडायची ते शिकवलेच नव्हते. दहाव्या दिवशी तो वर्गात रडू लागला तेव्हा प्रकार उघडकीस आला. मित्र उपचार घेऊन सावरला. त्या मुलाचे मात्र दोन विषय राहिले आणि तो वर्षभर रात्री दिवा मालवू शकत नव्हता. त्याची चौकशी कोणीही केली नाही. कारण तो तर 'नेता' होता.

मराठीच्या शिक्षकांना या ठिकाणी साने गुरुजींची आठवण यायला हवी. याच जिल्ह्यातल्या पालगडचे गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा ते पंचविशीतही नव्हते. मुलांच्या खोल्या झाडणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढणे ही कामे त्यांनी केली. वसतिगृहात मायेने कसे राहावे, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मराठीत नाही. आणि हेच गुरुजी ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने हे जग सोडून गेले. या दोन गोष्टींत कार्यकारणाचा धागा जोडण्याचा उथळपणा आम्ही करणार नाही. पण एक प्रश्न टाळता येत नाही. सर्वांची आई झालेल्या माणसाची विचारपूस कोण करीत होते? आपण वर्गात त्यांचे लेखन 'हळवे' म्हणून बाजूला सारतो, पुरुषाच्या अश्रूंवर विनोद करतो, आणि मग मुलांना सांगतो की मनातले मोकळेपणाने बोला. मुले आपले व्याख्यान ऐकतात, पण शिकतात ती आपल्या हसण्यावरून.

दुसरी गोष्ट अधिक अप्रिय आहे. वरिष्ठ विद्यार्थी म्हणजे आपोआप आधार, हे गृहीतच खोटे आहे. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. त्यांच्याच विभागातील तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीय छळाचा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप ठेवण्यात आला. मुंबईच्या आयआयटीत नव्या मुलांना वरिष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक नेमून देण्याची पद्धत होती. तरीही १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी गेला. संस्थेच्या समितीला जातिभेदाचा पुरावा आढळला नाही. कुटुंबीयांनी तो निष्कर्ष मानला नाही. या घटनांचा न्यायनिवाडा करणे आमचे काम नव्हे. पण वसतिगृह हे समाजाबाहेरचे बेट नाही, एवढे त्यांतून कळते. जे दुःख थकलेल्या शिष्यवृत्तीतून, आडनाव विचारण्याच्या पद्धतीतून किंवा इंग्रजी न येण्याच्या लाजेतून येते, त्यावर 'दीर्घ श्वास घ्या' असे सांगणारा सोबती नेमणे म्हणजे दुःखाचे कारण दुःखी माणसाच्याच पदरी बांधणे होय.

आणि यातला विरोधाभास पाहा. १९९४ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात विद्यार्थी प्रतिनिधी मतांवर नव्हे, गुणांवर ठरू लागले. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद केली. २०१९ मध्ये त्या घेण्याची घोषणा झाली आणि त्या लांबणीवर पडल्या. म्हणजे ज्या विद्यार्थ्याच्या हाती आपण मतपत्रिका द्यायला कचरतो, त्याच्याच हाती सोबत्याचा जीव मात्र बिनदिक्कत सोपवतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. आधी समुपदेशक नेमा, मग विद्यार्थी सोबती निवडा. हा क्रम उलटा होता कामा नये. सोबत्याचे काम लेखी सांगा: ऐकणे, जवळ असणे आणि मोठ्यांपर्यंत पोचवणे. जीव देण्याची भाषा कानी आली तर गुप्तता संपली, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवा. त्या रात्री ज्याचा फोन उचलला जाईल अशा एका जबाबदार माणसाचा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावा, आणि त्याखाली शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही. तिथे मराठीतून बोलता येते. सोबत्यांची दर आठवड्याला कोणीतरी विचारपूस करावी आणि कारण न सांगता हे काम सोडण्याची त्यांना मुभा असावी. शेवटचे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे: वसतिगृह समितीत त्यांना मताचा अधिकार द्या. मुले का खचतात हे त्यांना ठाऊक असते. ते त्यांनी आपल्याला सांगावे आणि आपण ते निमूटपणे ऐकावे.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागतो आणि मंजूर पदे लागतात. आमच्याकडे शिकवण्याच्या जागाच तासिका तत्त्वावर भरल्या जातात, हे आम्ही जाणतो. पण फोन उचलायला पद मंजूर व्हावे लागत नाही. योजनेचा प्रस्ताव आपल्यातलाच कोणी लिहितो, छायाचित्रात पहिल्या रांगेत आपणच बसतो. तेव्हा रात्री दोनला उठण्याची पाळीही आपलीच आहे. सोबतीला आलेले पोर ओरडले, तर घरात कोणीतरी मोठे माणूस जागे असायला हवे.