बारा वर्षं, पण कुठली?

व्हिस्कीची बाटली टेबलावर आली की आमच्या आयटीवाल्या मंडळींचा पहिला प्रश्न ‘कशी लागते?’ हा नसतो. ‘किती वर्षांची?’ हा असतो. बारा म्हटलं की माना डोलतात. पंधरा म्हटलं की बाटली हातोहात फिरते. अठरा म्हटलं की फोटो निघतात. आणि लेबलवर वयच नसेल, तर कुणीतरी समजूत घातल्यासारखं म्हणतं, ‘असू दे, कोकमध्ये चालेल.’

मग शिफारशी सुरू होतात. बाराच्या खाली बघू नकोस. ब्लेंड काय पितोस, सिंगल माल्ट पी. बर्बन? ती शिकाऊ लोकांसाठी. मी मुलगी असल्यामुळे मला तीच बर्बन आग्रहाने सुचवली जाते: ‘तू बर्बन घे, गोड असते, मुलींना आवडते.’ सुचवणाऱ्यांपैकी बहुतेकांना बर्बन कशाला म्हणतात हे सांगता येत नाही. ती कुणाच्या लायकीची आहे हे मात्र पक्कं ठाऊक असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. वय, गुण आणि किंमत या तीन आकड्यांवरून व्हिस्कीची तुलना होऊच शकत नाही. आणि या आकड्यांच्या जोरावर शिफारशी करत सुटलेले हौशी लोक व्हिस्कीचंही नुकसान करतात आणि पिणाऱ्याचंही.

वयापासून सुरू करू. मी पोटासाठी कोड लिहिते. एकक न बघता दोन आकडे एकमेकांशी ताडणारा कोड कुणी पाठवला तर मी तो परत करते. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झालं ते याच कारणाने. एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंडाच्या हिशेबात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटनच्या हिशेबात धरून चालली होती. बाटलीवरचं ‘१२’ तसंच आहे. बारा वर्षं, पण कुठल्या हवेत? कसल्या लाकडात?

खरं तर आपल्याला हे कुणी शिकवायची गरज नाही, कारण आपल्याकडे ‘मुरणं’ हा शब्द आहे. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीत ठेवलेली लोणच्याची बरणी आणि महाबळेश्वरच्या जुलैत फडताळात ठेवलेली बरणी, दोन्ही आठ दिवसांच्या. दिवस सारखे म्हणजे मुरणं सारखं, असं कुठलीही आजी म्हणणार नाही. तिचा नातू मात्र व्हिस्कीच्या बाबतीत हेच म्हणतो आणि वर स्वतःला दर्दी समजतो.

स्कॉचचा कायदा सांगतो की ती स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरहून मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षं मुरली पाहिजे. पिंप नवं हवं असं तो म्हणत नाही, आणि बहुतेक वेळा ते नवं नसतंच. बर्बनचा अमेरिकी नियम वेगळा आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका, आणि पिंप कोरं, आतून जाळून काळं केलेलं. कोऱ्या जळक्या लाकडातून रंग, व्हॅनिला आणि कॅरमेलसारखा गोडवा भराभर उतरतो. म्हणून सहा वर्षांची बर्बन पूर्ण तयार असू शकते, आणि तीच आणखी दहा वर्षं ठेवली तर अनेकदा लाकूड चावल्यासारखी तुरट होते. वापरलेलं पिंप सावकाश देतं. तिथे बारा वर्षं लागूही शकतात.

आता ही वापरलेली पिंपं स्कॉटलंडला मिळतात कुठून? मोठ्या प्रमाणावर केंटकीतूनच. एकदा बर्बन मुरवलेलं पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही, म्हणून ते जहाजाने समुद्रापार जातं. म्हणजे जो गृहस्थ बर्बनला ‘गोडमिट्ट’ म्हणून नाक मुरडतो आणि मग स्वतःच्या स्कॉचमध्ये ‘व्हॅनिलाची हलकी छटा’ शोधून डोळे मिटतो, तो बरेचदा त्याच बर्बनच्या उष्ट्या पिंपाचं कौतुक करत असतो.

हवेचं गणित याहून मजेशीर आहे. पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला साधारण २ टक्के. बंगळुरू किंवा गोव्यात तो १० टक्के किंवा त्याच्याही वर जातो. चक्रवाढीने बारा वर्षं मोजून बघा. २०० लिटरच्या पिंपात स्कॉटलंडला सुमारे १५७ लिटर उरतील. बंगळुरूला १० टक्क्यांनी धरले तरी जेमतेम ५६. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने आपल्या जुन्या व्हिस्कीचं नाव ‘ग्रीडी एंजल्स’ ठेवलं ते उगीच नाही. आपल्या उन्हात दारू लाकडात वेगाने शिरते, वेगाने रंगते आणि वेगाने उडते. म्हणून अमृतच्या किंवा गोव्याच्या पॉल जॉनच्या बहुतेक बाटल्यांवर वय नसतं. तिथे वय लिहिणं म्हणजे स्कॉटलंडच्या कॅलेंडरने बंगळुरूचा उन्हाळा मोजणं. पण आमचा दर्दी वय नाही म्हणून ती बाटली बाजूला सारतो.

(जाता जाता रंगाबद्दल. ‘बघ, किती गडद आहे!’ म्हणणाऱ्यांना सांगा की स्कॉचमध्ये कॅरमेल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. स्ट्रेट बर्बनमध्ये मात्र नाही.)

गुणांचं काय? ‘शंभरपैकी पंचाण्णव’ ऐकलं की आपल्याला दहावीचा निकाल आठवतो आणि आपण नतमस्तक होतो. गुणांनी भलंही केलंय, हे मान्य करते. अमृतने २००४ मध्ये ग्लासगोत आपला सिंगल माल्ट विकायला सुरुवात केली तेव्हा भारतीय व्हिस्की म्हटल्यावर लोकांच्या भुवया वर जायच्या. जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’च्या २०१०च्या आवृत्तीत अमृत फ्यूजनला ९७ गुण मिळाले आणि त्या भुवया खाली आल्या. पण त्याच पुस्तकाच्या २०१५च्या आवृत्तीने जपानच्या यामाझाकी शेरी कास्कला जगात पहिला नंबर दिला आणि ती बाटली प्यायच्या वस्तूंमधून उठून गुंतवणुकीत जाऊन बसली. २०१८ पर्यंत साठा इतका आटला होता की सनटोरीने हाकुशू १२ आणि हिबिकी १७ यांची विक्रीच थांबवली. सगळं एका नंबरामुळे झालं असं नाही, जपानी व्हिस्कीची मागणी आधीपासूनच चढत होती. पण मुरायला सतरा वर्षं लागणाऱ्या वस्तूची मागणी सतरा आठवड्यांत दुप्पट झाली तर दुसरं काय होणार?

शिफारशीनेच शिफारस केलेली वस्तू कशी संपते याचा माझा आवडता नमुना केंटकीतला आहे. पॅपी व्हॅन विंकल नावाची बर्बन आहे, मक्याच्या जोडीला राईऐवजी गहू वापरून केलेली. ती इतकी दुर्मीळ झाली की २०१३ मध्ये तिच्या पेट्या डिस्टिलरीतूनच चोरीला गेल्याचं उघड झालं. मग जाणकारांनी एक युक्ती सांगायला सुरुवात केली: त्याच बफेलो ट्रेस डिस्टिलरीत डब्ल्यू. एल. वेलर नावाची गव्हाचीच बर्बन बनते, ती घ्या, स्वस्त आणि मस्त, गरिबाची पॅपी. हे इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं की आता वेलरही गरिबाची राहिली नाही. शांतपणे रोजची वेलर घेणारे जुने गिऱ्हाईक होते, त्यांना कुणी विचारलं नाही.

ब्लँटन्सची तऱ्हा आणखी पुढची. तिच्या बुचावर घोडा आणि स्वार असतो. बुचांचे आठ प्रकार, प्रत्येकावर ब्लँटन्स या नावातलं एकेक अक्षर. आतली बर्बन त्या अक्षराने तसूभरही बदलत नाही. तरी सगळी आठ अक्षरं जुळवण्यासाठी माणसं दुकानं पालथी घालतात. लहानपणी आपण च्युइंगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं जमवायचो. फरक इतकाच की तेव्हा आपण स्वतःला क्रिकेटतज्ज्ञ म्हणवत नव्हतो.

किमतीवर भारतात बोलणं म्हणजे तर विनोदच. आयात व्हिस्कीवर आपल्याकडे १५० टक्के सीमाशुल्क होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं १०० टक्क्यांवर आलं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी जो करार झाला त्यात स्कॉचवरचं शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्यावर प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं. गोव्याहून परतताना आपण बॅगेत बाटल्या का कोंबतो? गोव्याची हवा लागून त्या चांगल्या होतात म्हणून नाही. त्यामुळे ‘पाच हजारांत बेस्ट कुठली?’ याचं उत्तर देणारा बराचसा करप्रणालीवर बोलत असतो. ‘महाग आहे म्हणजे काहीतरी असणारच’ हे वाक्यही खरं आहे. त्यात काहीतरी असतंच: सरकार.

पण हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा.

आमच्या टीममध्ये लातूरकडचा एक मुलगा आला. पंचविशी नुकतीच ओलांडलेला, म्हणजे महाराष्ट्राच्या कायद्याने व्हिस्की प्यायला जेमतेम पात्र. बसायचं ठरलं की हा आपली नेहमीची देशात बनलेली व्हिस्की, सोडा आणि खारे शेंगदाणे घेऊन खूश. एकदा कुणीतरी सगळ्यांसमोर त्याला ऐकवलं, ‘अरे, ही व्हिस्कीच नाही. मळीची दारू आहे.’ सगळे हसले. तोही हसला, पण पेला हळूच पायाशी ठेवला.

तांत्रिकदृष्ट्या बोलणाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. आपल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांमध्ये उसाच्या मळीपासून केलेला स्पिरिट असतो आणि युरोपात धान्यापासून न बनलेल्या दारूला व्हिस्की म्हणता येत नाही. गिऱ्हाईकाला हे कळायला हवं, लेबलवर मोठ्या अक्षरात हवं, आणि त्यासाठी कुणी कंपन्यांशी भांडणार असेल तर मी सोबत आहे. पण भांडण कंपनीशी नव्हतंच. ते माहितीचा दगड करून एका पोराला मारणं होतं. मी सांगली जिल्ह्यातली. आमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो. ‘मळी’ हा शब्द शिवीसारखा वापरलेला मला सहज कळतो.

पुढच्या पगाराला त्या मुलाने यादीतली बाटली आणली. आयला बेटावरची, पीटच्या धुरात माल्ट वाळवलेली, नावाजलेली. हजारो रुपये घातले. त्या चवीला पट्टीचे पिणारेही आयोडीन आणि दवाखाना आठवतो म्हणतात, आणि ज्यांना ती आवडते त्यांना ती त्याचसाठी आवडते. त्याला ती अजिबात आवडली नाही. पण कुणी बघत नसताना तो स्वयंपाकघरात जाऊन तिच्यात कोक ओतत होता, आणि बाहेर येऊन ‘स्मोकी आहे, भारी आहे’ म्हणत होता. त्याला गोडसर आवडतं, सोडा लागतो, हे शेंगदाण्याच्या त्या एका पुडीवरून कुणालाही कळलं असतं. साधी बर्बन त्याला निम्म्या पैशात सापडली असती. पण ‘तुला काय आवडतं?’ हा प्रश्न शिफारस करणाऱ्या एकानेही विचारला नव्हता.

आणि सोड्याची लाज कसली? पिंपात भरताना बर्बनचं अल्कोहोल ६२.५ टक्क्यांपर्यंत असू शकतं आणि बाटलीत ती अनेकदा ४० ते ५० टक्क्यांवर येते. मधलं पाणी डिस्टिलरीनेच घातलेलं असतं. व्यावसायिक ब्लेंडर तर वास घेताना व्हिस्की २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात, कारण जोरकस अल्कोहोलमध्ये नाक बधिर होतं. ‘पाणी घातलंस? पाप लागेल’ म्हणणाऱ्याने हे त्या ब्लेंडरला जाऊन सांगावं. शिवाय बारा वर्षांची असो की मळीची, यकृत लेबल वाचत नाही. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलीमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. चवीच्या भाषेत बोललो म्हणून आपण काही पिणाऱ्यांहून वेगळ्या जातीचे होत नाही.

तुलना करायचीच तर एक सोपी पद्धत आहे, अन्नप्रक्रियावाले ती नेहमी वापरतात. तीन सारखे पेले. दोघांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि ओतणारा खोलीबाहेर. वेगळा पेला ओळखायचा. असं सहा वेळा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतंच, म्हणजे सहात दोनदा. पाच किंवा सहा वेळा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षाही कमी, तेव्हा पाच जमले तर तुमच्या जिभेवर माझा विश्वास. पेल्यात चमचाभरच ओता, नाहीतर अठरा पेल्यांनंतर निकाल लिहायला कुणी शुद्धीवर राहणार नाही.

आमच्याकडे हा प्रयोग झाला. एकाच डिस्टिलरीची बारा आणि अठरा समोरासमोर. ‘अठराच्या खाली मी उतरत नाही’ म्हणणाऱ्या आमच्या लीडला सहापैकी दोन जमले. लातूरच्या मुलाला पाच. लीडचं म्हणणं पडलं की पेले चुकीचे होते. पुढच्या वेळी तो स्वतःचे ग्लेनकेर्न घेऊन येणार आहे. येऊ दे, माझ्याकडे रद्दी भरपूर आहे.