रूम भाड्याची, ओल कोणाची?

सकाळी तोटी फिरवली, पाणी आलं नाही. अमरावतीची बस चुकेल म्हणून ती तशीच उघडी सोडून तुम्ही कॉलेजला पळालात. दुपारी नळ आला. संध्याकाळी कुलूप उघडलं तर गादी, नोट्स, चार्जर सगळं पाण्यात आणि खाली घरमालक काकूंच्या छताला धार लागलेली. भरपाई कोणी द्यायची?

आता दुसरं चित्र. सगळ्या तोट्या घट्ट बंद. तरी रात्री बारा वाजता भिंतीतला जुना लोखंडी पाईप फुटला. खाली पाणी तेवढंच, धार तशीच. आता पैसे कोणाचे?

नुकसान दोन्हीकडे सारखं, जबाबदारी मात्र सारखी नाही. वलगावात किंवा अमरावतीत रूम करून राहणाऱ्या पोरापोरींना हा फरक माहीत नसतो, आणि बऱ्याचदा मालकांनाही नसतो. मग परीक्षा संपते, रूम सोडायची वेळ येते आणि डिपॉझिटवरून वाजतं. मालक म्हणतात, "तुमच्यामुळंच झालं." पोरं म्हणतात, "आम्ही हातही नाही लावला." पुरावा कोणाकडेच नसतो. शेवटी ज्याच्या हातात पैसे, त्याचंच खरं ठरतं.

कायद्यानं याचा विचार फार आधी करून ठेवला आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचं कलम १०८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर भाडेकरूनं जागा जशी घेतली तशी ठेवावी आणि तशीच परत करावी. मात्र साध्या वापरानं होणारी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरचं संकट यातून वगळलं आहे. म्हणजे वर्षानुवर्षांचा पाईप गंजून फुटला तर तो तुमच्या माथी मारता येत नाही. पण उघडी राहिलेली तोटी ही झीज नव्हे, ती आपली हलगर्जी. अशा चुकीचं नुकसान नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत भरून द्यावं, असंही हेच कलम म्हणतं.

दुसरा कायदा महाराष्ट्राचा, १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा. तो जिथे लागू आहे तिथे, करारात उलट काही नसेल तर, घर राहण्याजोगं ठेवण्याचं काम मालकाचं. नोटीस देऊन किमान १५ दिवस वाट पाहिल्यावरही मालकानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो. त्यालाही मर्यादा आहे. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. महिन्याला ३,००० रुपये भाडं असेल तर वर्षाला जास्तीत जास्त ९,००० रुपये. मालकाला न सांगता परस्पर प्लंबर आणायचा आणि भाडं कमी द्यायचं, हे यात बसत नाही. तुमचा ११ महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार असेल तर त्यातलं दुरुस्तीचं कलम सही करण्याआधी वाचा. मुख्य भिस्त त्याच कागदावर असते.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात तर यादीच दिली आहे. गरज पडेल तेव्हा पाईप बदलणं मालकाकडे. तोट्या आणि त्यांचे वायसर बदलणं, मोरी तुंबली तर साफ करणं भाडेकरूकडे. हा कायदा राज्यांसाठी नमुना आहे, आपोआप लागू होत नाही. पण मालकाशी बोलणी करताना ही वाटणी समोर ठेवायला काय हरकत आहे?

आता तिसरं चित्र, आणि खरी गोम इथेच आहे. दिवाळीत भिंतीवर ओल दिसली. डिसेंबरात पोपडे पडले. मार्चमध्ये पाईप फुटला. पाच महिने रोज ती भिंत पाहूनही चौघा रूममेटपैकी कोणी तोंड उघडलं नाही. "आपल्याले काय करा लागते, घर काय आपलं हाय?" असं म्हणून सगळे मोकळे. पाईप गंजला त्यात तुमचा दोष नव्हता. पण माहीत असून गप्प बसलात, तेव्हा मालकाच्या तक्रारीत दम आला.

गप्प का बसता, तेही कळतं. काका चिडतील, भाडं वाढवतील, रूम खाली करायला लावतील, ही भीती खोटी नाही. पण दोन ओळींचा मेसेज हेच तुमचं संरक्षण आहे. पाईप कधी फुटेल ते आपल्या हातात नसतं. ओल दिसली त्या दिवशी सांगणं असतं. मालकांनीही सांगणाऱ्या पोराला 'कटकट्या' म्हणू नये. तो तुमचीच भिंत वाचवतो आहे.

फ्रान्समध्ये भाडेकरूला पाण्यानं होणाऱ्या नुकसानीचा विमा काढावाच लागतो. आपल्याकडे विमा म्हणजे डिपॉझिट, आणि ते घरून आलेल्या पैशांतलं असतं. कोणाच्या कपाशीचं, कोणाच्या सोयाबीनचं.

वलगावजवळ पेढी नदीकाठी २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांनी इतरांसाठी धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी घर केलं नाही. जे गाव आपलं नव्हतं तेही आधी झाडलं. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. जागा आपली नसली तरी तिची काळजी आपली, एवढं तरी त्या नावातून घ्यायला हवं.

तेव्हा आज रूमवर गेलात की तीन कामं करा. भिंती, मोरी, तोट्या यांचे फोटो काढून मालकांना तारखेसह पाठवा. पाणी बंद करायचा मुख्य वॉल्व्ह कुठं आहे ते विचारून ठेवा. सुट्टीत गावी जाताना तो बंद करा. आणि नळाला पाणी नसलं, तरी तोटी बंद करूनच बाहेर पडा.