कानाला सीमा कशाला?

दिवाळीच्या फराळाला चार मंडळी जमली की हल्ली एक तक्रार हमखास निघते : "पोरं दिवसभर कोरियन गाणी ऐकतात. शब्द कळत नाही एक, मग ऐकतात तरी काय?" पुण्यात कुणी असे म्हटले असते तर मी गप्प बसलो असतो. पण घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत तिसरीच भाषा बोलणाऱ्या आपण सीमाभागातल्या माणसांनी हे म्हणावे, याचे मात्र नवल वाटते.

मुळात पोरे काय ऐकतात ते आपण पाहिलेलेच नसते. कोरियन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंगीत केसांचे, एका तालावर नाचणारे तरुण येतात. 'ह्युकोह' हा त्यातला प्रकार नव्हे. २०१४ साली सोलमध्ये पुढे आलेला हा चौघांचा वाद्यमेळ. चौघेही १९९३ साली जन्मलेले. त्यांचे गाजलेले गाणे 'वी-इंग वी-इंग'. शीर्षक म्हणजे चिलटाच्या भणभणीचा नुसता आवाज. गाणे स्वतःवरच खट्टू झालेल्या एका रिकाम्या तरुणाचे. त्यातली गिटार ऐका. ती ओरडत नाही. एकल तबल्याला लेहरा धरावा तसा एक छोटा तुकडा फिरत राहतो आणि त्यावर गाणाऱ्याचा किंचित खरखरीत आवाज रेंगाळतो. हे कळायला कोरियन शब्दकोश लागत नाही. लेहरा ऐकलेला कान पुरतो.

या मेळाचा गायक ओ ह्युक लहानाचा मोठा झाला चीनमध्ये. मग तो सोलला आला. २०१७ च्या '२३' या ध्वनिमुद्रिकेत कोरियन आणि इंग्रजी गाण्यांबरोबर 'वानली' हे चिनी गाणेही आहे. घरची भाषा एक, गल्लीतली दुसरी : हे दुखणे आणि हे धन आपल्याला नवे आहे काय?

शब्द कळल्यावाचून गाणे कळत नाही म्हणता, तर धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांची कन्नड वचने मराठी रसिकांनी डोळे मिटून ऐकली ती कशी? बाराव्या शतकातल्या त्या कन्नडचा शब्द न् शब्द कितीजणांना कळत होता?

"पण पोरांचे मराठी वाचन सुटले, त्याचे काय?" सुटले, हे खरे. पण ते सोलच्या गिटारने सोडवलेले नाही. मराठी शाळेतून पोरांची नावे काढली कुणी? घरात पुस्तक आणणे बंद केले कुणी? आपण. आपली चूक परमुलखातल्या चार पोरांच्या गळ्यात बांधणे हा कुठला न्याय? भाषेचा अभिमान जरूर असावा. पण त्यासाठी बहिरे व्हावे लागत नाही.

या दिवाळीत एकदा पोराशेजारी बसा. त्याचे गाणे पुरते ऐका, मध्ये बोलू नका. मग त्याला मन्सूर ऐकवा. तो उठून जाणार नाही. ज्याचे आपण ऐकतो, तोच आपले ऐकतो.