विश्वाचा सातबारा

चाळिशी उलटलेल्या गृहस्थांनीं आपल्या लहानपणच्या खेळण्यांवर निघालेले चित्रपट पाहण्यासाठीं मुलाबाळांसह चित्रगृहांत गर्दी करावी, आणि बाहेर पडतांना हळूच डोळे पुसावे, यांत गैर तें काय, असा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. गतकालाविषयींचा जिव्हाळा हा मनुष्यस्वभावच आहे. शिवाय एका कथेंतील वीर दुसरींत आला तर बिघडलें कोठें, आपल्या पुराणांतही नारद सर्वत्र फिरतोच कीं, असेंही या पक्षाचे लोक वर सांगतात. दोन्ही म्हणणीं ऐकावयास गोड आहेत. आमच्या मतें दोन्ही चुकीचीं आहेत, आणि दुसरें तर पुराणांवर अन्याय करणारें आहे.

हा जिव्हाळा ज्या मालिकांविषयीं आहे, त्यांचा जन्म कसा झाला तें प्रथम पाहूं. अमेरिकेंत 1969 सालीं 'हॉट व्हील्स' या खेळण्यांतल्या मोटारींवर दूरचित्रवाणीची मालिका निघाली, तेव्हां ही मालिका नसून लांबविलेली जाहिरात आहे, हा आक्षेप तेथील सरकारी दळणवळण आयोगानें उचलून धरला होता. पुढें वारें फिरलें. 1984 मध्यें त्याच आयोगानें मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेवरील मर्यादा काढून टाकली, आणि 'ही-मॅन'नें आदल्याच वर्षीं दाखविलेल्या वाटेनें 'ट्रान्सफॉर्मर्स', 'जी. आय. जो' इत्यादिकांचा लोंढा आला. क्रम ध्यानांत घ्यावा: आधीं साचा, मग खेळणें, मग त्याच्या खपासाठीं कथा. 'ट्रान्सफॉर्मर्स'चीं पहिलीं खेळणीं तर बहुतांशीं जपानच्या ताकारा कंपनीच्या जुन्या मालांतून उचललेलीं. त्यांना नांवें आणि स्वभाव मागाहून चिकटविले ते मार्व्हल कंपनीच्या लेखकांनीं.

अशा कथेवर सत्ता कोणाची चालते, याचा उघडा दाखला 1986 च्या ऑगस्टमध्यें मिळाला. 'ट्रान्सफॉर्मर्स'चा कार्टून-चित्रपट त्या महिन्यांत लागला, आणि मुलांचा लाडका नायक ऑप्टिमस प्राइम त्याच्या आरंभींच्या भागांतच मारला गेला. कथेला त्याच्या मरणाची गरज होती म्हणून नव्हे. आधींच्या दोन वर्षांचीं खेळणीं दुकानांतून उतरवून तेथें नवीं मांडावयाचीं होतीं. जुना माल संपवावयाचा, म्हणून जुना नायक संपवावयाचा. मुलें चित्रगृहांत ओक्साबोक्शीं रडलीं, पालक संतापले, आणि तेव्हां कोठें कंपनीला उमगलें कीं, आपण ज्याला माल समजत होतों त्याला मुलांनीं वडीलमाणूस मानलें होतें. 1987 मध्यें प्राइम पुन्हां जिवंत झाला. त्याच वर्षींच्या 'जी. आय. जो'च्या चित्रपटांत ड्यूक नांवाचा नायक मरावयाचा होता. ऐनवेळीं तो मरणाऐवजीं मूर्च्छेंत गेल्याचें एका वाक्यांत सांगून प्रकरण सांवरण्यांत आलें!

मुलांचें तें रडणें खरें होतें, आणि आमचा मुद्दा तोच आहे. त्या प्लॅस्टिकांत जीव ओतला तो मुलांनीं, स्वतःच्या पदरचा. आपल्याकडे दूरदर्शनवर 'ही-मॅन' पाहिलेल्या आणि हट्ट करून फनस्कूलचा एखादा जी. आय. जो मिळविलेल्या पिढीला हें निराळें सांगावयास नको. दिवाळींतल्या किल्ल्यावर त्या परदेशी शिपायाशेजारीं मातीचा मावळा उभा राही, आणि दोघेही एकाच बुरुजावर चढाई करीत. कोणाचा धनी कोण, हें त्या किल्ल्यावर कोणी विचारीत नसे. समाईक विश्व म्हणावयाचें तर तें.

आजच्या चित्रपटविश्वांत कोणी कोणास भेटावें हें ठरतें तें मालकीच्या कागदांवरून. 2008 च्या 'आयर्न मॅन'पासून मार्व्हलनें आपले वीर एकमेकांत गुंफावयास आरंभ केला. पण मार्व्हलच्याच पोटीं जन्मलेल्या स्पायडरमॅनला त्या घरांत पाऊल टाकण्यासाठीं 2015 सालीं सोनी कंपनीशीं करार व्हावा लागला. नारदाला वैकुंठांतून कैलासावर जातांना कोणाचें अनुमतिपत्र दाखवावें लागत नाहीं. परशुराम रामायणांत रामाला आडवा येतो, महाभारतांत भीष्माशीं लढतो आणि कर्णाला शाप देतो. भीमाच्या वाटेंत हनुमान शेपूट पसरून बसतो. एखाद्या कीर्तनकारानें उद्यां त्यांची आणखी एक भेट रचली तर श्रोते फार तर हंसतील; फिर्याद होणार नाहीं. पुराणांचा दाखला देणारांनीं हा फरक लपवूं नये. तेथें विश्व समाईक आहे. येथें समाईक कांहीं असेल तर सातबाऱ्यावरील नांव.

खेळण्यावरून चांगली कृति होऊंच शकत नाहीं, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पार्कर ब्रदर्सचें 'रॉम' हें 1979 सालचें खेळणें फसलें आणि लौकरच बाजारांतून गेलें. पण त्यावरची बिल मँटलोची चित्रकथा 1986 पर्यंत, तब्बल 75 अंक, चालली. विकावयाचा मालच उरला नाहीं, तेव्हां कथा मोकळी झाली. ग्रेटा गर्विगचा 2023 चा 'बार्बी' हा एका दिग्दर्शिकेच्या स्वतंत्र नजरेचा चित्रपट होता, आणि बाहुलीच्या मालकांची थट्टाही त्यांत होती. त्यानें 1.4 अब्ज डॉलरहून अधिक मिळविले. परंतु त्या यशाच्या आधींच्या आणि नंतरच्या मॅटेलच्या घोषणा वाचाव्या: त्यांत भरणा कपाटांतून बाहेर काढावयाच्या खेळण्यांचा.

यांत नुकसान होतें तें आजच्या मुलाचें. बाप त्याला हौसेनें स्वतःचें बालपण विकत घेऊन देतो; त्याचा स्वतःचा असा वीर त्याच्या वाट्याला येतच नाहीं. कोण कोणाला भेटणार, हें पूर्वीं त्यानें जमिनीवर बसून ठरविलें असतें. आतां तो घोषणेची वाट पाहतो.

घोषणा तर कशा होतात पाहा. हॅस्ब्रो आणि पॅरामाउंट यांनीं 2015 च्या डिसेंबरांत जी. आय. जो, मायक्रोनॉट्स, व्हिजनरीज, मास्क आणि उपर्युक्त रॉम यांचें एक चित्रपटविश्व उभारण्याचें जाहीर केलें. या पांचांत साम्य कोणतें? हक्क एका घरांत, इतकेंच. पुढील वर्षीं लेखकांची मोठी मंडळी एका खोलींत बसविली. पुलित्झर पारितोषिक मिळविलेला मायकेल शेबनही तींत होता. तें विश्व पडद्यावर आलें नाहीं. पुढें 2023 सालच्या एका 'ट्रान्सफॉर्मर्स'पटाच्या शेवटीं नायक नोकरीच्या मुलाखतीला जातो, समोरचा गृहस्थ त्याच्या हातीं नांवाचें कार्ड ठेवतो, आणि त्यावर 'जी. आय. जो' अशीं अक्षरें असतात. दोन विश्वांची एवढी गाजविलेली भेट शेवटीं झाली ती अशी, कार्डावर.